'पद्मिनी'चा बॉयलर आणि आमचा बंब

३ ऑक्टोबर, शुक्रवार. रेल्वेत.

ही वही जयराजनं दिली. गणपतीला सुट्टीवर आला तेव्हा बोटीची तिकिटंही तोच घेऊन आला आणि म्हणाला, आबा, तिथं रोजचं रोज लिहा. पोरगा लष्करात हवालदार आहे, सध्या बंगालमध्ये. त्याच्या साहेबांनी या आगबोटीचं सांगितलं, आणि बाप जन्मभर वाफेत शिजला म्हणून त्यानं आईबापाला वाफेवरच फिरायला पाठवलं.

लिहायची मला सवय आहे, पण ती लॉगबुकची. सदतीस हंगाम साखर कारखान्याच्या बॉयलरवर दर तासाला लिहीत आलो. वेळ, वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शंभरातल्या नव्याण्णव वेळा शेरा एकच असायचा, सर्व ठीक.

दसरा झाला, घट उठले आणि आज निघालो. मनू खिडकीशी बसली आहे. ती माणदेशातली. तिच्या माहेरी नदी म्हणजे वर्षातून चार दिवस पाणी आणि बाकी वाळू. लग्न होऊन आमच्या वाळव्याकडे आली तेव्हा कृष्णा बघून अर्धा दिवस घाटावरच बसून राहिली होती. गंगा केवढी असेल हे तिनं सकाळपासून तीनदा विचारलं.

वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून पहिल्याच दिवशी लिहून टाकतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर निवृत्त झालो तेव्हा जयराजच्या देखत मनूला शब्द दिला होता, आता हंगाम नाही, आता तू म्हणशील ते. आणि मागच्या आठवड्यात कारखान्याच्या चीफ साहेबांचा फोन आला. नवीन माणसांना बॉयलर झेपत नाही, पाच महिने या, सोळा तारखेला बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे, चौदापर्यंत नक्की सांगा. मी म्हणालो, येतो असं समजा. तोंडातून निघून गेलं. मनूला सांगितलेलं नाही. बोटीवर ती खुशीत असेल तेव्हा सांगेन.

एक गंमत. निघायच्या आदल्या दिवशी मनूनं माझी जुनी खाकी पँट-शर्टाची जोडी धुऊन, इस्त्री करून कपाटात वरच ठेवली. बहुतेक कुणाला तरी द्यायची असेल.

शेरा: सर्व ठीक.

५ ऑक्टोबर, रविवार. कोलकाता.

जयराज स्टेशनवर आला, घाटावर सोडून परत ड्युटीवर गेला. आणि मी आगबोट पाहिली.

काय लिहू? नाव 'पद्मिनी'. बांधणी एकोणीसशे एकोणतीसची, विलायतेतली. पितळी पाटी अजून जागेवर आहे, घासून घासून अक्षरं गुळगुळीत झालीत. एके काळी ताग आणि माणसं वाहायची. पुढं चाळीस वर्षं एका खाडीत गाळात रुतून पडली होती. तिथून ओढून काढली, पत्रा न् पत्रा बदलला, लाकूड सागवानी घातलं, पण इंजिन तेच ठेवलं. दोन्ही अंगांना मोठाली चाकं, त्यांना फळ्या. ती फिरली की बोट पाणी वल्हवत जाते. वर दोन मजले, पांढरा रंग, वेताच्या खुर्च्या, आणि मधोमध काळं धुराडं. मनू म्हणाली, "ह्ये तर लगीनघर हाय, पान्यावरलं."

खोली छोटी पण टापटीप. खिडकीतून हात काढला तर नदीला लागेल की काय असं वाटतं. मनू खिडकीत बसली ती उठेना. मी तोंड धुऊन इंजिनघर शोधायला निघालो.

इंजिनघर वरून उघडं आहे, कठड्याला टेकून कुणीही बघावं. दोन सिलिंडर, दांडे माझ्या मांडीएवढे, आणि सगळं असं लखलखतं की त्यात बघून भांग पाडावा. मुख्य मिस्त्री मोतालेब शेख, माझ्याच वयाचे, पांढरी दाढी. इंजिन फिरत असताना ते दर फेऱ्याला येणाऱ्या सांध्यावर तळहात टेकवतात आणि काढून घेतात. गरम झालं का ते हाताला कळतं. चुकलं तर हात जाईल. एवढं अलगद तर आई पोराच्या कपाळाला हात लावते. मी कठड्यावरून नमस्कार केला आणि मोडक्या हिंदीत कोण ते सांगितलं. त्यांनी खाली बोलावलं. वर आलो तेव्हा जेवणं उरकली होती. मनूनं माझं ताट झाकून ठेवलं होतं.

शेरा: दाब एकशे चाळीस पौंड. सर्व ठीक.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

काल कोजागरी होती. मला आठवणच राहिली नाही. बंगाल्यांचीही काल लक्ष्मीपूजा असते. स्वयंपाक्यानं डेकवर तांदळाच्या पिठानं लक्ष्मीची पावलं काढली. मनूनं त्याच्याकडून दूध मागून घेतलं, घरून आणलेला मसाला घातला, आणि सगळ्या प्रवाशांना वाटलं. सातारचे घोरपडे साहेब आणि राजेश्वरीबाई हे जोडपं बोटीवर आहे. साहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनीच सकाळी सांगितलं, लालासाहेब, तुमच्या मंडळींनी काल काय दूध केलं होतं. चंद्र म्हणे पाण्यात असा पडला होता की नदीला दोन काठ आहेत हेच कळेना.

मी तेव्हा खाली मोतालेब मिस्त्रींबरोबर बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच बघत बसलो होतो. बॉयलर पाणी जास्त खातोय असं मला वाटलं, आणि त्यांना ते दोन दिवस आधीच वाटलं होतं. दोघांचं एकमत झालं, की आत एखादी नळी गळते आहे. परक्या मुलखात माणूस आपल्यासारखाच विचार करतो हे बघून फार बरं वाटलं.

माझं दूध मनूनं पेल्यात ठेवलं होतं. सकाळी नासलं.

८ ऑक्टोबर, बुधवार. कालना.

नळीच निघाली. बोट कालना गावाच्या घाटाला बांधली, आग विझवली, दोन दिवस मुक्काम. मुर्शिदाबाद हुकलं म्हणून घोरपडे साहेब जरा कुरकुरले. बाकीच्यांना इथली एकशे आठ शिवालयं दाखवायला नेलं. मनूही गेली. मी थांबलो, कारण बॉयलर निवताना बघायचा होता. घाईनं थंड केला तर पत्रा तडकतो. मिस्त्री त्याला म्हाताऱ्या माणसासारखं हळूहळू निवू देतात. आमच्याकडं हंगाम संपला की एवढा धीर कुणाला नसतो.

मनू दुपारी आली ती खूश होती. दोन गोल वर्तुळांत बांधलेली देवळं आहेत, आतल्या सगळ्या पिंडी पांढऱ्या आणि बाहेरच्या वर्तुळात एक काळी, एक पांढरी. तिनं एकशे आठही मोजली म्हणे. एका पिंडीपुढं मी बरोबर नव्हतो म्हणून माझ्या नावाचं पाणी तिनंच घातलं.

आता सांगावं असं मनात आलं. मी खाकरलो, तेवढ्यात तीच म्हणाली, यंदा भाऊबीजेला माझ्या माहेरी जायचं, दोघांनी. सदतीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही, कारण दिवाळी म्हणजे ऐन हंगाम. तिचा भाऊ कोंडीबा दरवर्षी विचारतो, दाजी कवा येणार. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, असं मी मनाशी म्हणालो. पण वहीत लिहिताना ते बरोबर वाटत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. कालना.

आजचा दिवस फार मोठा गेला. सविस्तर लिहितो.

गळक्या नळीला दोन्ही तोंडांनी बुचासारखा डाट मारला, बॉयलर भरला. मी मिस्त्रींना सांगितलं होतं, की आमच्या मुलखात हंगामाच्या आधी बॉयलर पेटवायचा म्हणजे घरचं कार्य असतं. त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. बॉयलरला हळदकुंकू, नारळ, ऊस, आणि एक जोडपं पूजेला बसतं. मग मशाल आत जाते. कारखान्यात कुणी तरी संचालक सपत्नीक बसत. ताट मात्र आमच्या घरून जायचं, मनूच्या हातचं. मशाल मी पेटवून साहेबांच्या हातात द्यायची आणि त्यांचा हात लागला की परत घेऊन खरी आग मी लावायची. सदतीस वर्षं हे असंच.

मिस्त्री म्हणाले, मग आज तुमच्या रीतीनं होऊ दे. पूजा तुमची, आग माझी. तुम्ही नवराबायको बसा.

मनूनं दोन तासांत ताट तयार केलं. घाटावरून झेंडू आणला, स्वयंपाक्याकडून हळद घेतली. आणि स्वतः इरकल लुगडं नेसून, नथ घालून खाली आली. एवढ्या उकाड्यात. मी म्हटलं, अगं, तेलाचे डाग पडतील, साधी साडी नेसायची होतीस. तिनं नथ सारखी केली.

आता आली पंचाईत. एवढी मोठी, एवढी जुनी बोट, तिच्या बॉयलरपुढं आपण पाटावर बसायचं हे मला बरं दिसेना. मोठा माणूस बोटीवर असताना आग घालणाऱ्या फायरमननं पूजेला बसायचं? मी वर गेलो, घोरपडे साहेबांना हात जोडले, आणि त्यांना राजेश्वरीबाईंसह घेऊन आलो. बाई पायऱ्यांवर थबकल्या आणि म्हणाल्या, अहो, पण तुमच्या मंडळी तयार होऊन उभ्या आहेत. मी म्हणालो, ती ताट द्यायला आहे.

पूजा देखणी झाली. साहेबांनी नारळ फोडला. मशाल मी धरली, साहेबांचा हात लावला, मिस्त्रींनी तेलाची धार सोडली आणि बॉयलरनं एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज करून आग पकडली. माझ्या अंगावर काटा आला. साहेबांनी पाठ थोपटली. मी सगळ्यांचा फोटो काढला.

मिस्त्री मात्र माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले. काही चुकलं का विचारलं तर म्हणाले, बॉयलरचं काही चुकलं नाही.

शेरा: आग उत्तम. सर्व ठीक.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

वाफ धरली. बोट सकाळी सुटली. नवद्वीपपर्यंत जाऊन परत फिरायचं. काठाला कास गवताचा तुरा फुललाय, पांढराशुभ्र, मैलच्या मैल. चाकांचा आवाज एकसारखा, छप छप. असा प्रवास राजेरजवाड्यांनीही केला नसेल.

मनू गप्प आहे. इथलं पाणी मानवलं नसावं. जेवणात मासळी असते, वासानं डोकं उठलं असेल. ओवा दिला, खाल्ला नाही. लुगड्याची घडी घालून तिनं पेटीच्या तळाशी ठेवली. डाग पडला नव्हता.

११ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळी डेकवर मनूशेजारी बसलो आणि करमणूक म्हणून पूजेचे फोटो तिला दाखवायला काढले. सगळ्यांत चांगल्या फोटोत साहेब आणि बाई पाटावर आहेत, मागं बॉयलरचं तोंड तांबडं झालंय, मिस्त्री आहेत. उजव्या कडेला मनू. अर्धीच आलीये. ताट, हातातल्या बांगड्या, नथ आणि एक डोळा. कॅमेरा मी धरला होता. चार बोटं उजवीकडं सरकवला असता तर पूर्ण आली असती.

तिनं फोटो पाहिला, मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण लॉगबुकात आकडा बदलायचा नसतो.

"सदतीस वर्सं ताट म्या भरलं. तवा मला कायबी वाटलं न्हाई. कारखाना त्यांचा, बॉयलर त्यांचा, बसू द्या म्हटलं. पर हितं कोन साहेब हुता? मिस्त्री म्हनला, नवराबायको बसा. मला काय तेवढी हिंदी कळत न्हाई व्हय? आयुष्यात येकदा कुणीतरी आपल्याला पाटावर बसा म्हनलं, आन तुमी जाऊन दुसरी जोडी आनली."

मी म्हटलं, मनू, माझ्या ध्यानातच आलं नाही.

"त्येच म्हंते मी. ध्यानातच येत न्हाई तुमच्या. आन त्यो कारखान्याचा फोन. चीफ साहेबांनी आधी घरच्या फोनवर केला हुता, म्याच घेतला. तुमी कवा सांगताय म्हनून पंधरा दिस वाट बघितली. सांगू नका आता. खाकी धुऊन वर ठिवलीया. जावा. म्या येकटी भाऊबीजेला जाईन, सवय हाय मला."

मग ती परत नदीकडं बघायला लागली. रडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी खाली गेलो. इंजिन बघायला नव्हे, दुसरीकडं जायला जागा नव्हती म्हणून. मोतालेब मिस्त्री सांध्यावर हात टेकवत होते. माझं तोंड बघून त्यांनी काम दुसऱ्याकडं दिलं आणि मला चहा पाजला. मी विचारलं, परवा तुम्ही माझ्याकडं बघत का होता? ते म्हणाले, इंजिनाचा सांधा तापला की आधी हाताला कळतो, मग वास येतो, मग धूर. तुमच्या बायकोच्या हातातलं ताट थरथरत होतं. तुम्ही एवढे कसबी, तुम्हाला कसं दिसलं नाही?

बॉयलर पाणी जास्त खातोय हे मला दोन दिवसांत कळतं. सदतीस वर्षांत हे कळलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून वाटते आहे.

दुपारी रेंज आली तेव्हा चीफ साहेबांना फोन लावला. म्हणालो, मला यायचं होतं साहेब, खोटं कशाला बोलू, पण मी घरी आधी शब्द दिला आहे. त्यांनी खूप समजावलं.  सोळा तारखेला तिथं आग दुसरं कुणी लावणार, याचं वाईट वाटलं. तेही खरं आहे म्हणून लिहिलं.

मनूला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

शेरा लिहिला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. कोलकाता.

शेवटचा दिवस. मिस्त्रींनी मनूला वर चालकाच्या खोलीत नेलं आणि भोंग्याची दोरी तिच्या हातात दिली. कारखान्याच्या भोंग्यावर या बाईनं जन्मभर चुली पेटवल्या, डबे भरले, दार उघडलं. भोंगा कुणी वाजवायचा असतो आणि तो कसा वाजतो, हे तिला आज कळलं. तिनं दोरी ओढली ती सोडेचना. घाटावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. घोरपडे साहेबांनी कानांत बोटं घातली. राजेश्वरीबाई हसत होत्या. आणि मनूही हसली, तीन दिवसांनी.

'पद्मिनी'ला खाली उतरून नमस्कार केला. शंभरीला टेकलेली बाई, गाळातून उठली आणि माणसं पाठीवर घेऊन चालायला लागली. मी आयुष्यात पाहिलेल्या यंत्रांत ती पहिली. आणि तिला बाई म्हणताना मला मनूच आठवली, हे कुणाला सांगणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. घरी.

सकाळी दहा वाजता कारखान्याचा भोंगा झाला. अग्निप्रदीपन झालं. मी अंगणात गवत काढत होतो, काढतच राहिलो. मनू दारात येऊन उभी राहिली. मी उठून जातो की काय हे बघत असावी. थोड्या वेळानं आत गेली आणि तिनं चहा आणून दिला.

खाकी कपडे कपाटात वरच आहेत अजून.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी.

आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे. मनूच्या लग्नातला. मधी नळकांडं, त्यात निखारा, भोवती पाणी. नीट बघितलं तर बॉयलरच आहे, फक्त दाब नाही. मी पहाटपाळीहून आलो, रात्रपाळीहून आलो, हा कायम तापलेला असायचा. कोण तापवतं हे ठाऊक होतं, पण विचार कधी केला नव्हता.

काल संध्याकाळी मनू देवळात गेली तेव्हा मी तो चिंचेनं घासला, पाणी भरलं, गळ्याला झेंडूची माळ बांधली आणि न्हाणीचं दार लावून घेतलं. कपाटातली खाकी काढून अंगात घातली, कारण घासताना धोतर खराब झालं असतं. पहाटे तिच्या आधी उठलो आणि रात्री काढून ठेवलेली खाकी परत चढवली. रांगोळीच्या चार रेघा ओढल्या, वाकड्या आल्या. हळद, कुंकू, सुपारी, नारळ असं ताट भरलं. माझ्या हातानं भरलेलं पहिलं ताट. कापूर विसरलो होतो. बंबापुढं दोन पाट मांडले आणि तिला उठवलं.

ती न्हाणीच्या दारात आली. मला खाकीत बघून आधी तिचं तोंडच उतरलं. मग पाट बघितले, माळ बघितली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन साहेब कुठं हायती? बोलवा की त्यास्नी."

"साहेब रजेवर हायत," मी म्हटलं. "आज आपल्यालाच बसाय लागतंय."

"येडं हाय का मानूस," असं म्हणून ती निघून गेली. मी तसाच बसून राहिलो. वाटलं, संपलं. आपला हा पोरखेळच झाला. दहा मिनिटांनी आली ती इरकल लुगडं नेसून, नथ घालून. माझ्या उजव्या हाताला बसली. कापूर घेऊन आली होती.

नारळ दोघांनी मिळून फोडला. काडी तिनं ओढली, मी तिच्या हाताला हात लावला. लाकडं जरा ओली होती.

भाऊबीजेसाठी पिशव्या भरून ठेवल्यात. कोंडीबाला फोन केला तर त्याचा विश्वासच बसेना, दाजी, खरंच येताय न्हवं असं चारदा विचारलं.

अंघोळी झाल्यावर लॉग लिहायला बसलो. आग लावली पाच वाजून दहा मिनिटांनी. पाणी तापलं पाच पस्तीसला. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला आणि वही मनूपुढं सरकवली. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. बराच वेळ पेन धरून विचार करत बसली. मग खाली वाकून तिनं सावकाश लिहिलं.

शेरा: धूर लय झाला. लाकडं वाळलेली घ्या. बाकी सर्व ठीक.